हौसेला मोल नसतं, देखभालीला असतं

मौल्यवान वस्तू कशी जपायची, हे मराठी घरात कोणाला शिकवावं लागत नाही. पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळली जाते, तिची घडी अधूनमधून मोडून बदलली जाते आणि सोनं बँकेच्या लॉकरमध्ये जातं. ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घरात अलीकडे आलेल्या चैनीच्या वस्तूंना मात्र ती अजून लागू झालेली नाही. दीड-दोन लाखांचं ऑटोमॅटिक घड्याळ रात्री ब्लूटूथ स्पीकरला टेकून पडलेलं असतं. नाशिकहून हौसेने आणलेली वाईनची बाटली फ्रिजच्या डोक्यावर उभी असते, आणि तीही ऐन मे महिन्यात. दोन्ही वस्तू तिथे बिघडत असतात, पण आवाज न करता. म्हणून ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

या दोन्ही वस्तूंची जडणघडण थंड प्रदेशातली आहे. युरोपातल्या वाईनच्या तळघरांत वर्षभर 12-13 अंशांच्या आसपास तापमान असतं. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या अचूकतेची अधिकृत चाचणी 8, 23 आणि 38 अंश सेल्सिअसला होते. आपल्याकडे चंद्रपूर-नागपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो आणि मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने भिंतीसुद्धा ओल धरतात. म्हणून आपल्याला खरेदीचा सल्ला जेवढा लागतो, त्याहून जास्त जपणुकीचा लागतो. इथे घड्याळ आणि वाईन या दोन हौशींपुरतं बोलू.

घड्याळ घेण्यापूर्वी

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. भारी यांत्रिक घड्याळ अचूक वेळेसाठी घ्यायचं नसतं. क्वार्ट्‌झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. अनेक आधुनिक यांत्रिक घड्याळांचं चक्र सेकंदाला आठ टिकटिकी करतं. त्यामुळे पाचशे रुपयांचं क्वार्ट्‌झ घड्याळ पाच लाखांच्या यांत्रिक घड्याळापेक्षा बिनचूक चालतं. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्रालाही दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी मुभा असते. सेइकोने डिसेंबर 1969 मध्ये पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, तेव्हापासून यांत्रिक घड्याळ ही गरज उरली नाही, हौस झाली. ती हौस कारागिरीची आहे. बॅटरीशिवाय, केवळ स्प्रिंग आणि चाकांवर चालणाऱ्या यंत्राचं कौतुक वाटत असेल तरच त्यात पैसे घाला.

मग प्रकार ठरवा. हाताने चावी द्यायचं घड्याळ पातळ आणि साधं असतं, पण रोज आठवण ठेवावी लागते. ऑटोमॅटिक घड्याळ मनगटाच्या हालचालीवर चावी घेतं आणि काढून ठेवलं की साधारण 40 ते 70 तासांत थांबतं. स्टॉपवॉच असलेलं क्रोनोग्राफ किंवा लीप वर्षाचाही हिशेब ठेवणारं पर्पेच्युअल कॅलेंडर दिसायला मोहक असतं. मात्र यंत्रात जितके भाग जास्त, तितका सर्व्हिसिंगचा खर्च आणि वेळ जास्त. पहिलं घड्याळ तीन काट्यांचं, फार तर तारीख दाखवणारं घ्या.

दुकानात किमतीच्या घासाघिशीआधी तीन प्रश्न विचारा. या कंपनीचं सर्व्हिस सेंटर भारतात कुठे आहे? या मॉडेलच्या पूर्ण सर्व्हिसिंगला आज किती खर्च येतो? घड्याळ परदेशी पाठवावं लागतं का, आणि लागत असेल तर किती महिने? यांत्रिक घड्याळाला साधारण पाच वर्षांनी, काही आधुनिक यंत्रांना त्याहून उशिरा, पूर्ण सर्व्हिसिंग लागतं. ते उघडून, धुऊन, नवं तेल घालून पुन्हा जुळवायचं असतं. तेल सुकलं तरी घड्याळ चालत राहतं, म्हणून लोक सर्व्हिसिंग टाळतात आणि चाकांचे आस झिजवून घेतात.

अधिकृत विक्रेत्याकडून घेताना बिल, तारीख आणि शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड आणि घड्याळावरचा सीरियल नंबर जुळतात का ते तिथेच पाहा. विक्रेता एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ शकत नाही. जो घ्यायला तयार होतो, त्याच्या मालाबद्दलही शंका घ्यावी. घड्याळ 10 लाखांपेक्षा महाग असेल तर 22 एप्रिल 2025 पासून विक्रेत्याला 1 टक्का टीसीएस वसूल करावा लागतो. ही रक्कम तुमच्या आयकरात वळती होते, म्हणून बिलावर ती वेगळी दाखवून घ्या. युरोपीय मुक्त व्यापार संघटनेबरोबरचा करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे आणि त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. त्यामुळे घाई नसेल तर थांबण्यात तोटा नाही.

जुन्या घड्याळांच्या बाजारात पाऊल जपून टाका. जगभरच्या संग्राहकांच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ हा शब्दप्रयोग आहे आणि तो गौरवाचा नाही. जुनी एचएमटी किंवा स्विस घड्याळं घ्यायची, डायल भडक रंगात नव्याने रंगवायची, मिळतील त्या घड्याळांचे काटे आणि भाग बसवायचे आणि जुना ठेवा म्हणून विकायची, असा हा धंदा. डायलवरची अक्षरं फिसकटलेली, रंग नव्यासारखा चकचकीत आणि केस मात्र झिजलेली असेल तर समजून घ्या. याउलट घरातल्या आजोबांचं खरं एचएमटी जनता कपाटात पडून असेल, तर चांगल्या घड्याळजीकडून ते साफ करून घ्या. चावी द्यायच्या घड्याळाची सवय आपल्याला झेपते का, हे थोडक्या पैशांत कळेल.

आणि ‘गुंतवणूक म्हणून घ्या’ असं कोणी म्हणालं तर हात जोडा. 2022 च्या सुरुवातीला काही नामांकित मॉडेलांचे सेकंडहँड भाव शिगेला पोचले आणि त्यानंतर घसरले. चढ्या भावात घेणाऱ्यांची रक्कम अडकली. बहुतेक घड्याळं दुकानाबाहेर पडताच किंमत गमावतात. घालायला आवडेल तेच घ्या.

पाणी, चुंबक आणि ढोल

घड्याळावर ‘30 मीटर’ लिहिलेलं असतं म्हणून ते घालून पोहता येत नाही. हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. व्यवहारात 30 मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे आणि 50 मीटर म्हणजे थोडं अधिक. पोहायला किमान 100 मीटरचं आणि स्क्रू करून बंद होणाऱ्या चावीचं घड्याळ हवं. आत पाणी जाऊ न देणारे रबराचे गॅस्केट घामाने, उष्णतेने आणि वयाने कडक होतात. म्हणून पावसाळ्याआधी वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्यावी. ती थोड्या वेळात होते. गरम पाण्याच्या आंघोळीत घड्याळ कधीच नको. वाफेने आणि तापमानाच्या चढउताराने गॅस्केट सैल पडतात. तारकर्लीच्या किंवा गणपतीपुळ्याच्या समुद्रात जाऊन आलात तर गोड्या पाण्याने घड्याळ धुवा, पण चावी नीट बंद आहे याची खात्री करून.

काचेच्या आतून धुकं दिसलं तर ते आपोआप जाईल म्हणून थांबू नका. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. काचेवरचं धुकं गेलं तरी आतलं पाणी पोलादी भागांना गंज चढवत राहतं. जमल्यास त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी घड्याळजीकडे जा.

दुसरा शत्रू चुंबक. फोनचं मॅग्नेटचं कव्हर, लॅपटॉपचं झाकण, स्पीकर, पर्सचं बटण, टॅब्लेटचं स्टँड यांपैकी काहीही घड्याळातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला चुंबकत्व देऊ शकतं. तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ अचानक दिवसाला अर्धा-एक मिनिट किंवा त्याहूनही पुढे धावू लागतं. अशा वेळी लगेच पूर्ण सर्व्हिसिंगला होकार देऊ नका. आधी चुंबकत्व तपासून काढायला सांगा. ते काही सेकंदांचं काम आहे.

तिसरा शत्रू धक्का. ढोल-ताशा पथकात टिपरू हाती घेण्याआधी यांत्रिक घड्याळ काढून ठेवा. क्रिकेट, बॅडमिंटन, भिंतीत ड्रिल मारणं यांनाही हाच नियम. नीलमणी काचेवर ओरखडा सहसा उठत नाही, पण फरशीवर पडली तर ती फुटते आणि तिचे कण यंत्रात शिरतात.

बाकी सवयी सोप्या आहेत. तारखेचं घड्याळ रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेत असताना तारीख पुढे ढकलू नका, कारण तेव्हा तारखेची चाकं गुंतलेली असतात. आधी काटे सहा वाजण्याच्या आसपास आणा, मग तारीख बदला. हाताची चावी घड्याळ मनगटावरून काढून द्या आणि अडल्यासारखं वाटलं की थांबा. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा उतरवून रबराचा किंवा स्टीलचा लावा. बुरशी लागलेला पट्टा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती दोन-तीन महिन्यांनी बदला. बँकेच्या लॉकरमध्ये तर ती हवीच. डांबराच्या गोळ्या मात्र शेजारी नकोत. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवणं म्हणजे तेल पातळ करून जागचं हलवणं. ऑटोमॅटिक घड्याळ फिरवत ठेवणारं यंत्र, म्हणजे वाइंडर, साध्या घड्याळाला लागत नाही. पर्पेच्युअल कॅलेंडर असेल तरच त्याचा विचार करा, कारण ते थांबलं की पुन्हा लावणं कटकटीचं असतं.

परदेशी जाताना महाग घड्याळ हातात असेल, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना ते इथूनच नेलं होतं याचा पुरावा लागतो. तिकडे नवं घेतलं असेल आणि त्याची किंमत मोफत मर्यादेच्या वर असेल, तर ते हातात घातलं म्हणून शुल्क टळत नाही. लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करा. घरच्या विमा पॉलिसीत अशा वस्तूंची नोंद बहुधा वेगळी करावी लागते. त्यासाठी बिल आणि सीरियल नंबरचा फोटो जपून ठेवा.

वाईन: आधी कायदा

बाटल्या साठवण्याआधी कायद्याचं पाहू. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. वाईन आणि बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं, इतर मद्यासाठी 25. परवान्यावर किती साठा ठेवता येतो याला मर्यादा आहे. पन्नास बाटल्यांचा कूलर घेण्याआधी ती राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून समजून घ्या. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे हा विषयच उद्भवत नाही. गोव्यातून स्वस्त बाटल्या गाडीत घालून आणणं हा हौसेचा भाग नव्हे, गुन्हा आहे. त्यासाठी वाहतुकीचा परवाना लागतो.

दुसरा प्रश्न, साठवायची मुळात गरज आहे का? जुनी होईल तेवढी वाईन चांगली, हा समज बहुतेक बाटल्यांच्या बाबतीत खोटा आहे. जगात तयार होणारी बहुतांश वाईन लवकर पिण्यासाठीच बनते. पांढरी आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत संपवावी, साधी लाल दोन-तीन वर्षांत. आपल्याकडे नाशिक-दिंडोरीत द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. लेबलवरचं साल त्या तोडीचं असतं, त्यावरून वय मोजा. सुलाची रासा शिराझ किंवा अकलूजच्या फ्राटेलीची सेट्टे यांसारख्या वरच्या दर्जाच्या लाल वाईन काही वर्षं नीट टिकतात. साठवणुकीचा खर्च करायचा तर तो अशा मोजक्या बाटल्यांसाठी.

खरेदी करतानाही दुकानाकडे पाहा. काचेच्या दर्शनी कपाटात, दिव्याखाली किंवा उन्हात उभी बाटली घेऊ नका. बूच वर उचललेलं, गळ्याशी चिकट ओघळ किंवा पातळी खाली गेलेली दिसली, तर तिला उष्णता लागलेली असण्याची शक्यता मोठी. अशी वाईन उकडलेल्या फळासारखी लागते आणि ती पुन्हा सुधारत नाही.

माळा नको, खालचं कपाट

वाईनला हवं असतं 12-13 अंश तापमान, अंधार, स्थैर्य आणि मध्यम आर्द्रता, म्हणजे 60-70 टक्क्यांच्या आसपास. यात आकड्यापेक्षा सातत्य महत्त्वाचं. कायम 18 अंशांवर राहिलेली बाटली, दिवसा 34 आणि रात्री एसीमुळे 22 अशा हेलकाव्यांत राहिलेल्या बाटलीपेक्षा बरी. तापलं की आतला द्रव फुगतो, बूच ढकलतो, थंडावला की हवा आत ओढतो. म्हणून फक्त रात्री एसी चालणारी बेडरूम ही साठवणुकीची जागा नाही.

महिना-दोन महिन्यांसाठी ठेवायची असेल तर सर्वांत आतल्या खोलीतलं जमिनीलगतचं कपाट निवडा, पश्चिमेच्या भिंतीला नसलेलं. माळा कधीच नको, गरम हवा वर जाते आणि स्लॅब दिवसभर तापतो. स्वयंपाकघर नको, वॉशिंग मशीनच्या शेजारची जागा नको. जुन्या वाड्याचं कोरडं तळघर असेल तर तुम्ही भाग्यवान. पुण्या-नाशिकचा हिवाळा या कपाटात निभावतो, मार्चपासून मात्र नाही. मग बाटल्या घरच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात हलवा. फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि सततच्या थंडीत बूच आक्रसतं, म्हणून तिथे चार-सहा महिन्यांहून जास्त नको.

बूच असलेली बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं. आपल्याकडच्या बऱ्याच वाईनना फिरकीचं धातूचं झाकण असतं, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. कोकणातल्या दमट हवेत बुरशी लेबल खाते. जपायच्या बाटलीला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा.

कूलर घेताना

वीस-तीस बाटल्या वर्षानुवर्षं ठेवायच्या असतील तर कूलरला पर्याय नाही. इथे दुकानदार जे सांगत नाही तेच विचारावं लागतं.

थर्मोइलेक्ट्रिक कूलर स्वस्त, बिनआवाजी आणि देखणा असतो. पण तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण 10 ते 15 अंशच खाली जाऊ शकतो. अकोल्यात खोली 38 अंशांवर असेल तर आत 23 ते 28 मिळतील. आपल्याकडे कंप्रेसरचाच घ्यावा.

यंत्राच्या पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ 38 पर्यंत, ‘टी’ 43 पर्यंत. मराठवाडा-विदर्भात ‘टी’ वर्गाखेरीज दुसरं घेऊ नका. युरोपातून मागवलेला देखणा ‘एन’ वर्गाचा कूलर मे महिन्यात अखंड धापा टाकतो.

फर्निचरमध्ये बसवायचा असेल तर गरम हवा समोरून बाहेर टाकणारं मॉडेल लागतं. मागून हवा सोडणारा कूलर सुताराने कपाटात कोंबला की कंप्रेसर लवकर जातो. क्षमतेचा आकडा बोर्डोच्या सरळ खांद्याच्या बाटल्यांवर मोजलेला असतो. बर्गंडीच्या पोटाच्या किंवा स्पार्कलिंगच्या जाड बाटल्या त्यात कमी मावतात, म्हणून गरजेपेक्षा मोठा घ्या. विजेचा लपंडाव असलेल्या गावात स्टॅबिलायझर लावा. वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला कूलर काही तास तापमान धरून ठेवतो. सगळ्या बाटल्या एकाच 12-13 अंशांवर ठेवायला हरकत नाही. दोन कप्प्यांचा कूलर साठवणुकीसाठी नसून वाढण्याच्या सोयीसाठी असतो. दारावर एक वही किंवा फोनमध्ये यादी ठेवा: बाटली, साल, कधीपर्यंत प्यायची. नाहीतर चांगली वाईन कूलरच्या मागच्या कोपऱ्यात म्हातारी होते.

वाढताना एक चूक सर्रास होते. ‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला’ हा नियम आपल्या खोल्यांना लागू नाही. लाल 16-18 अंशांना चांगली लागते. 32 अंशांवर ती अल्कोहोलचाच वास मारते. बाहेर ठेवलेली बाटली वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी 8 ते 12, स्पार्कलिंग 6 ते 8. उघडलेली बाटली, लाल असली तरी, झाकण लावून फ्रिजमध्येच जाते आणि तीन-चार दिवसांत संपवावी लागते.

शेवटचा हिशेब

चैनीच्या वस्तूचा भाव कधीच पाटीवर पूर्ण लिहिलेला नसतो. घड्याळ घेताना येत्या दहा वर्षांतली दोन सर्व्हिसिंग, वाईन घेताना कूलर, वीज आणि दुरुस्ती हे त्या भावात मिळवा, मग बेरीज पाहून ठरवा. बेरीज खिशाबाहेर जात असेल तर एक पायरी खालची वस्तू घ्या आणि ती नीट ठेवा. नियमित सर्व्हिसिंग झालेलं साधं ऑटोमॅटिक घड्याळ, वाफेने गंजलेल्या पंचतारांकित घड्याळापेक्षा कधीही चांगलं. आणि ज्या विक्रेत्याला सर्व्हिस सेंटरचा पत्ता किंवा कूलरचा हवामान वर्ग सांगता येत नाही, त्याच्या दुकानात पैसे काढू नका.